आधी तिथी, मग तंबू

कोकण किनाऱ्याच्या सहली आखून देणं हा माझा व्यवसाय. तंबूत राहू इच्छिणारे गट माझ्याकडे येतात तेव्हा त्यांचा बेत बहुधा अर्धाअधिक ठरलेला असतो. अलिबागहून निघायचं, काशीद, दिवेआगर, हरिहरेश्वर करत खाली उतरायचं, गुहागर, गणपतीपुळे, देवगड घेत मालवण गाठायचं. रोज दीडशे-दोनशे किलोमीटर गाडी, संध्याकाळी पुळणीवर तंबू आणि जमलं तर पौर्णिमेची रात्र. पेट्रोल, जेवण, शनिवार-रविवारला जोडून काढायच्या रजा या सगळ्याचा हिशेब चोख केलेला असतो. हिशेबात नसतो तो फक्त समुद्र, म्हणजे ज्याच्यासाठी एवढा खटाटोप चाललेला असतो तोच. या कामाने माझं एक मत पक्कं केलं आहे. किनाऱ्याची सहल, त्यातही तंबूतल्या मुक्कामांची, आखताना पहिला कागद भरती-ओहोटीचा असावा आणि रस्त्याचा नकाशा त्यानंतर उघडावा. तारीख, मुक्कामाची जागा, रोजचं अंतर आणि पाहायची ठिकाणं हे सगळं पाण्याच्या वेळांवरून ठरवावं. ऐकणाऱ्याला ही अतिदक्षता वाटते. ती तशी का नाही, हे मांडण्यासाठी हा लेखनप्रपंच.

कोकणात दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते. एका भरतीपासून दुसरीपर्यंत साधारण बारा तास पंचवीस मिनिटं जातात, त्यामुळे भरतीची वेळ रोज पन्नासएक मिनिटांनी पुढे सरकते. किनाऱ्यावरची माणसं यासाठी घड्याळाआधी तिथी विचारतात. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ हाती येते, हा आडाखा अनेकांनी शाळेतही ऐकलेला असतो. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या सुमारास. पहाटे-सकाळी एकदा आणि दुपारी-रात्री एकदा. हा आडाखा मुंबईच्या आसपास चांगला जुळतो. भरती दक्षिणेकडून वर येत असल्याने मालवण-वेंगुर्ल्याकडे ती तासाभराने आधी धरावी लागते. पाणी किती चढणार हेही तिथीवरच. पौर्णिमा आणि अमावास्येच्या सुमारास, किंबहुना त्यानंतरच्या एकदोन दिवसांत, उधाण असतं. पाणी सगळ्यांत वर चढतं आणि सगळ्यांत खाली उतरतं. अष्टमीच्या आसपास भांग असते. चढही कमी, उतारही कमी. एवढ्या दोन गोष्टी कळल्या की दिनदर्शिकेच्या पानावरून कोणत्याही रात्रीचा किनारा साधारण कसा असेल, याचा अंदाज घरबसल्या बांधता येतो.

आता सहलीला जाणाऱ्यांची आवडती रात्र या गणितात बसवून पाहावी. पौर्णिमेला पूर्ण भरती दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या आगेमागे, म्हणजे पूर्ण ओहोटी संध्याकाळी सहाला. मंडळी नेमकी त्याच वेळी पोचतात. समोर लांबरुंद, सपाट, टणक दिसणारी पुळण मोकळी पडलेली असते आणि समुद्र कुठेतरी दूर असतो. तंबूला याहून चांगली जागा कोणती, असं कोणालाही वाटेल. पण वर्षातला सर्वांत फसवा किनारा तो हाच. पन्नास मीटर चालल्यावर एक मीटर चढ, इतका मंद उतार कोकणात अनेक ठिकाणी आढळतो. अशा जागी पाणी दोन-अडीच मीटर चढलं की ते शंभर-सव्वाशे मीटर आत येतं. शिवाय ते सारख्या गतीने येत नाही. सुरुवातीचे दोन तास जेमतेम पाव चढ होतो आणि मधल्या दोन तासांत जवळजवळ निम्मा. सहाला ओहोटी असेल तर हे मधले तास आठ ते दहा, म्हणजे जेवणाचे आणि गप्पांचे. समुद्र सर्वांत वेगाने पुढे सरकतो तेव्हा त्याच्याकडे कोणाचंच लक्ष नसतं. यात हिवाळ्याची एक खोच आहे. दिवसातल्या दोन भरत्या सारख्या उंचीच्या नसतात आणि मुंबई व उत्तर कोकणाकडे थंडीच्या महिन्यांतल्या उधाणात मध्यरात्रीची भरती दुपारच्या भरतीपेक्षा बरेचदा वर चढते. त्यामुळे दुपारच्या भरतीने वाळूत सोडलेली ओल्या कचऱ्याची रेघ पाहून तिच्या चार हात वर तंबू ठोकणारा सावध माणूसही फसू शकतो. आणि तंबूंचा हंगाम असतो तो याच महिन्यांत.

म्हणून पुळणीजवळ तंबू टाकायचाच असेल तर मी शुद्ध सप्तमी ते दशमी या रात्री सुचवतो. अष्टमीला पूर्ण भरती संध्याकाळी सहाला. पोचताना डोळ्यांना दिसतं ते पाणी त्या वेळच्या चढाच्या टोकाजवळचं असतं. पुढे मध्यरात्रीपर्यंत ते मागे हटत जातं आणि पुन्हा वर येतं ते पहाटे. दोन्ही भरत्यांत थोडा फरक राहतोच, तो तक्त्यात पाहून घ्यावा. पण डोळ्यांनी पाहिलेलं आणि रात्री घडणारं यांतली तफावत पौर्णिमेसारखी उरत नाही. यावर पहिला आक्षेप चांदण्याचा येतो. पौर्णिमा सोडली तर किनाऱ्यावर रात्र काढण्यात राम काय? मला या आक्षेपात तथ्य कमी आणि सवय जास्त दिसते. शुद्ध अष्टमीचा चंद्र सूर्यास्ताला जवळपास डोक्यावर असतो आणि मध्यरात्रीच्या सुमारास मावळतो. दशमीचा त्याहून दीडदोन तास उशिरा. जागं राहण्याच्या तासांत समुद्रावर पुरेसं चांदणं असतं आणि नंतर अंधाऱ्या आकाशात तारेही दिसतात. पौर्णिमेला चंद्र रात्रभर असतो, पण आकाशातलं बाकी सगळं पुसून टाकतो. तेव्हा सौंदर्याच्या कसोटीवरही भांगेची रात्र कमी भरत नाही.

दुसरा आक्षेप जास्त व्यवहारी आहे. एवढं गणित करण्यापेक्षा तंबू सरळ आणखी मागे घ्यावा, भरतीरेषेच्या पुरेसा वर, म्हणजे तिथीचा प्रश्नच मिटला. मागे घ्यावा हे बरोबरच. पण मागे म्हणजे कुठे, याचं उत्तर कोकणात सोपं नाही. पुळण संपते तिथे वाळूच्या टेकड्या असतात, त्यांच्यावर सागरवेल आणि केवडा, मग सुरूचं बन, मग नारळी-पोफळीच्या वाड्या आणि घरं. वाळूच्या टेकड्या वादळी लाटा अडवतात आणि त्यांच्यावरची वेल ती वाळू धरून ठेवते. तिच्यावर खुंटे ठोकणं किंवा गाडी चढवणं गावाच्या बांधालाच भोक पाडण्यासारखं आहे. सुरूच्या बनात वाळक्या काड्यांचा जाड थर असतो, शेकोटीची एक ठिणगी त्याला पुरते. उरली ती भरतीरेषा आणि टेकडी यांच्यामधली कोरड्या वाळूची अरुंद पट्टी. नेमकी तीच पट्टी ऑलिव्ह रिडले कासवांची मादी अंडी घालायला निवडते. साधारण नोव्हेंबर ते मार्च हा त्यांचा काळ. वेळासला २००२ पासून सह्याद्री निसर्ग मित्र या चिपळूणच्या संस्थेने गावकऱ्यांसह घरट्यांचं संरक्षण सुरू केलं, पुढे ते काम किनाऱ्यावरच्या इतर गावांतही पोचलं. मादी रात्री वर येते, माणसांचा वावर आणि उजेड दिसला तर न विणताच परत फिरू शकते. पिल्लं उजेडाच्या दिशेने भरकटतात. ज्या गावात कासवं येतात तिथे हंगामात पुळणीवर तंबू टाकूच नये, गावात घरी राहावं. वेळासने पाहुण्यांना घराघरांतून ठेवून घेण्याची जी रीत घातली तीच तिथे योग्य आहे.

कायद्यालाही ही भरतीरेषाच महत्त्वाची वाटते. सागरी किनारा नियमन क्षेत्राची २०१९ ची अधिसूचना किनाऱ्यावरच्या तात्पुरत्या पर्यटन सोयींना वाव देते, पण भरतीरेषेपासून किमान १० मीटर अंतर राखायला सांगते. एका रात्रीच्या खासगी तंबूला डोळ्यांसमोर ठेवून हा नियम लिहिलेला नाही; तरीही त्यातलं तत्त्व घेण्यासारखं आहे. अडचण एवढीच की ही रेषा वाळूत आखलेली नसते. ती गावाला माहीत असते. उधाणाचं पाणी कुठवर येतं हे कोळीवाड्यात विचारावं, होड्या ओढून कुठे ठेवल्या आहेत ते पाहावं. आपल्या होडीची जागा कोणी अंदाजाने ठरवत नाही. आणि होड्यांची वाट अडवू नये. मालवणकडे रापणीचं जाळं ओढणाऱ्यांना मोकळी पुळण लागते; त्यांच्या जागेवर आपले तंबू रांगेने उभे असले तर दोष त्यांचा नसतो. वाडीच्या मालकाशी आधी बोलून त्याच्या आवारात तंबू टाकले तर विहिरीचं पाणी, संडास, जेवण आणि अडीनडीला माणूस एवढं सगळं मिळतं, चार पैसे गावात राहतात, आणि समुद्र काही पावलांवर असतोच. मागे सरकायचं म्हणजे इथवर सरकायचं. तसं केलं की तिथीचं बंधन बरंच सैल होतं, हे मी मान्य करतो. पण ते सैल होतं ते केवळ रात्रीपुरतं. दिवसाचं काय, हा प्रश्न उरतोच.

दिवसाचा हिशेब चुकतो तो किलोमीटरमुळे. महाराष्ट्राचा किनारा सुमारे ७२० किलोमीटरचा सांगितला जातो, पण तो खाड्यांनी जागोजाग कापलेला आहे. रेवस ते रेड्डी सागरी महामार्गाची कल्पना बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री असतानाची, १९८० च्या दशकाच्या सुरुवातीची. रेवदंड्याला कुंडलिकेवर आणि रत्नागिरीजवळ भाट्याला पूल आहेत. पण आगरदांडा-दिघी, वेसवी-बागमांडला, दाभोळ-धोपावे आणि जयगड-तवसाळ इथे गाडी फेरीबोटीवर चढवूनच पलीकडे जाणं प्रवाशांच्या अंगवळणी पडलं आहे. राजपुरीची खाडी, सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री अशी एकेक मोठी खाडी. दाभोळची फेरीबोट २००३ साली सुरू झाली आणि दापोली-गुहागर एका दिवसात सहज जोडले गेले. तीच बोट चुकली तर खेड, चिपळूण असा शंभरेक किलोमीटरचा वळसा पडतो. बोट चुकते ती नेहमी उशिरामुळेच असं नाही. सुट्टीच्या दिवसांत गाड्यांची रांग लागते आणि पाणी फार उतरलं की धक्क्याला बोट लावण्यालाही मर्यादा येते. एका दिवसात दोन खाड्या ओलांडून शिवाय उजेडात मुक्काम गाठायचा असेल तर शंभर किलोमीटरही जास्त होतात. म्हणून मी एका दिवसात एकच खाडी धरतो. अंधारात पोचलेल्या माणसाला ना होड्या दिसतात, ना ओल्या वाळूची रेघ, ना विचारायला कोणी भेटतं. किनाऱ्यावर तंबूची जागा उजेडातच ठरली पाहिजे, आणि त्यासाठी रोजचं अंतर कमी ठेवण्याला पर्याय नाही.

पाहण्याच्या ठिकाणांचंही तसंच. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जाता येतं, भरतीत वाट बुडते. हरिहरेश्वरची प्रदक्षिणा खडकांवरून समुद्राला लागून जाते. ती पूर्ण ओहोटीलाच करायची, मधेच पाणी चढू लागलं तर परतायचा मार्ग अरुंद होत जातो. हेदवीची बामणघळ याच्या उलट. भरतीत लाट घळीत घुसून उंच फवारा उडतो, ओहोटीला तिथे नुसती भेग दिसते. इथे माझ्याच सल्ल्यातली एक विसंगती पुढे येते आणि ती टाळून चालणार नाही. रात्रीसाठी भांग बरी, पण कुलाबा आणि प्रदक्षिणा यांना खोल उतरलेलं पाणी लागतं आणि ते उधाणात मिळतं. म्हणजे दिवस एक तिथी मागतो आणि रात्र दुसरी. माझ्या मते याने मूळ मुद्दा कमजोर होत नाही, उलट पक्का होतो, कारण ही ओढाताण तक्ता समोर ठेवल्याशिवाय कळतच नाही. कळली की निवड सरळ होते. किल्ले आणि खडकांसाठी जायचं असेल तर पौर्णिमा किंवा अमावास्या धरावी, सकाळच्या सहाच्या ओहोटीच्या आगेमागे ती ठिकाणं उरकावीत आणि रात्री वाडीत राहावं. पुळणीजवळची रात्र हाच सहलीचा हेतू असेल तर भांग धरावी आणि प्रदक्षिणा पुढच्या खेपेला ठेवावी. दोन्ही एकाच खेपेत आणि एकाच पट्ट्यात कोंबण्याचा हट्ट सोडावा.

तिथीने सुट्टी मिळत नाही, हा नोकरदारांचा आक्षेप खरा आहे. पण वर्षातले सगळे शनिवार-रविवार सारखे नसतात. दर पंधरवड्यात एक भांग येते, म्हणजे हंगामातल्या पुष्कळ सुट्ट्या तिच्या जवळपास पडतात. ज्या पडत नाहीत त्या रद्द करायच्या नाहीत, फक्त त्या वेळी तंबू मागे न्यायचा. तिथी सहल अडवत नाही, तिचा प्रकार ठरवते. मोबाइलवर मिनिटांसह वेळा दिसत असताना तिथीचा आडाखा कशाला, असं तरुण मंडळी विचारतात. मोबाइल जरूर पाहावा, सर्वे ऑफ इंडियाचे भरतीचे तक्ते त्याहून नेमके. पण मोबाइल उद्याची वेळ सांगतो आणि सहल ठरते दोन महिने आधी, दिनदर्शिकेसमोर बसून. शिवाय पुळणीवर रेंज नसली तरी डोक्यातली पाऊणकी जागेवर असते. आणखी एक आक्षेप भूगोलाचा. दक्षिणेकडे चढ-उतार कमी, मग सिंधुदुर्गात एवढी काळजी कशाला? मुंबईजवळ उधाणात पाणी चार मीटरहून अधिक वरखाली होतं आणि गोव्याकडे जाताना ते जवळपास निम्म्यावर येतं, हे खरं आहे. उत्तरेकडे समुद्रबूड जमीन रुंद आणि उथळ होत जाते त्याचा हा परिणाम. पण देवबाग किंवा तोंडवळी-तळाशीलसारख्या ठिकाणी जमीन म्हणजे एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला खाडी यांमधली वाळूची चिंचोळी पट्टी. तिथे मागे सरकायलाच फारशी जागा नाही आणि खाडीच्या मुखाशी ओहोटीचा ओढा जबरदस्त असतो. चढ कमी असला तरी मोकळीकही कमी.

तक्त्यावर मी जेवढा भर देतो तेवढीच त्याची मर्यादाही सांगितली पाहिजे. तक्ता चंद्र-सूर्याचं पाणी सांगतो, वाऱ्याचं आणि लाटांचं नाही. दूरच्या समुद्रात उठलेल्या लाटा इथलं आकाश निरभ्र असतानाही किनाऱ्यावर चढू शकतात. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था उंच लाटांचे इशारे देते, ते निघण्याआधी आणि मुक्कामात रोज पाहावेत. मे अखेर किंवा ऑक्टोबरच्या सहलीत वादळांचा विचार हवा. निसर्ग हे चक्रीवादळ ३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं आणि तौक्ते मे २०२१ मध्ये किनारा झोडपत गेलं. पोहण्याचा धोका वेगळाच आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुरूड-जंजिऱ्याच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले; अशा प्रसंगी एकटी तिथी कोणाला तारत नाही. जीवरक्षक आहे का, गावातले लोक तिथे उतरतात का, हे विचारूनच पाण्यात जावं. गाडी पुळणीवर नेणं तर कोणत्याही तिथीला अयोग्य. ओहोटीत टणक दिसणारी वाळू चाकाच्या भाराने पाणी धरते आणि सैल होते. चाक रुतलं की ट्रॅक्टर येईपर्यंत भरती थांबत नाही. वाऱ्याचंही भान हवं. दिवसा समुद्राकडून खारे वारे, रात्री जमिनीकडून मतलई. तंबूचं दार आणि चुलीची जागा हे बदलणारे वारे धरून ठरवावी. वाळूत साधे खुंटे टिकत नाहीत, वाळू भरलेल्या पिशव्या आडव्या पुरून त्यांना दोऱ्या बांधाव्यात. या गोष्टी तक्त्यात नसतात. पण ज्याने तक्ता पाहिला त्याला पुढचे प्रश्न सुचतात. ज्याने पाहिला नाही त्याला समुद्र हा फक्त देखावा वाटत राहतो.

शेवटचा आक्षेप मनाचा आहे. एवढं आखून गेलं तर भटकंतीतली मौज काय उरली? मला वाटतं, मौज जाते ती मुक्कामांच्या गर्दीने. पाच दिवसांत अलिबाग ते मालवण करणाऱ्याला कुठेही थांबायची मुभा नसते, कारण पुढची खाडी वाट पाहत असते. चार दिवसांत दोनच मुक्काम आणि एक-दोन खाड्या धरणाऱ्याला दुपारभर गावात रेंगाळता येतं. पाण्याच्या वेळा आधी ठरल्या की बाकीचं मोकळं सोडता येतं. येत्या काळात याची गरज वाढणार आहे. उरलेल्या खाड्यांवरही पूल झाले की फेरीबोटींची सक्तीची विश्रांती जाईल, दिवसाचं अंतर वाढेल आणि आणखी लोक आणखी घाईत, अंधार पडता पडता किनाऱ्यावर पोचतील. पूल हवेतच, तिथल्या माणसांना दवाखान्यासाठी आणि बाजारासाठी ते हवेत. पण त्यांच्यासोबत प्रत्येक पुळणीच्या तोंडाशी ग्रामपंचायतीने एक फलक लावावा : आजची तिथी, दोन्ही भरत्यांच्या वेळा, उधाणाचं पाणी जिथवर येतं तिथे रोवलेला एक रंगवलेला खांब, आणि तंबूसाठी कोणाला विचारायचं त्याचं नाव. खर्च किरकोळ आहे आणि माहिती गावात आहेच. तोवर सहल आखणाऱ्याने हा फलक स्वतःच्या कागदावर, घरी बसूनच लिहावा.